टीएक्स टाइमआउट पुन्हा पुन्हा येतोय? ड्रायव्हरची दुरुस्ती तपासताना काय पाहायचं

लक्षणं ओळखीची आहेत. मशीन तासन्‌तास नीट चालतं, ट्रॅफिक जोरात असतं आणि मध्येच नेटवर्क गप्प होतं. लिंक वर असते, केबल जागेवर असते, पॅकेट मात्र बाहेर पडत नाही. थोड्या सेकंदांनी सगळं आपोआप पूर्वपदावर येतं आणि कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ उरते: नेटडेव्ह वॉचडॉग, इथ०, ट्रान्समिट क्यू ०, टाइम्ड आउट. हाच टीएक्स, म्हणजे ट्रान्समिटचा, टाइमआउट. तक्रार नोंदवली जाते, कोणीतरी ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करतं, तक्रार बंद होते. काही काळाने तीच ओळ परत दिसते.

हे दुखणं परत उपटतं त्यात पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, लिहिणाऱ्याइतकीच तो तपासणाऱ्याचीही जबाबदारी असते, असं माझं मत आहे. 'पॅच लावला, रात्रभर चालवलं, टाइमआउट आला नाही' एवढ्या आधारावर पॅच आत घेतला जातो. अशा प्रत्येक पॅचला मी एक प्रश्न विचारते: कोणता सीपीयू कोणत्या दोन ओळींच्या मध्ये असताना दुसऱ्या सीपीयूने काय केलं, म्हणून क्यू अडकली? कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत, याचं उत्तर नसेल, तर कोड कितीही साधा दिसत असला तरी तो अजून अंदाजच आहे. पुढचं सगळं लिनक्सच्या इथरनेट ड्रायव्हरांबद्दल आहे.

वॉचडॉग नेमकं काय सांगतो

वॉचडॉग म्हणजे पाठवण्याच्या रांगेवर (क्यूवर) पाळत ठेवणारा कर्नलमधला टायमर. त्याला हार्डवेअरची काहीही माहिती नसते. तो ठरावीक वेळाने दोनच गोष्टी पाहतो: क्यू थांबवलेली आहे का, आणि तिच्यातून शेवटचं पॅकेट जाऊन मुदत उलटली का. ड्रायव्हरने वेगळं काही ठरवलं नसेल तर ही मुदत ५ सेकंद असते. टायमरही साधारण तेवढ्याच अंतराने वाजत आला आहे, म्हणून प्रत्यक्षात खोळंबा ५ ते १० सेकंदांचा जाणवतो. तेव्हा त्या ओळीवरून 'कार्ड बंद पडलं' असा निष्कर्ष काढता येत नाही. 'क्यू कोणीतरी थांबवली आणि नंतर ती कोणी सुरू केली नाही' एवढंच तिच्यावरून कळतं.

थांबवणारे दोघे असू शकतात. एक म्हणजे ड्रायव्हर स्वतः, रिंगमध्ये (ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातल्या गोलाकार यादीत) जागा संपत आली म्हणून. दुसरा बीक्यूएल, म्हणजे बाइट क्यू लिमिट्स. हार्डवेअरकडे दिलेले पण अजून पूर्ण न झालेले बाइट मर्यादेबाहेर गेले की तो क्यू थांबवतो. वॉचडॉग या दोहोंत फरक करत नाही, आपल्याला मात्र करायलाच हवा. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या क्यूच्या फोल्डरात बीक्यूएलचा 'इनफ्लाइट' आकडा मिळतो. रिंग पूर्ण रिकामी असूनही तो शून्यावर येत नसेल, तर पाठवताना मोजलेले बाइट आणि पूर्ण झाल्यावर मोजलेले बाइट यांचा ताळमेळ चुकला आहे. रीसेटच्या वाटेवर रिंग रिकामी केली पण बीक्यूएलचा हिशोब शून्यावर आणला नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. हिशोब उलट्या बाजूने चुकला, म्हणजे पाठवल्यापेक्षा जास्त बाइट पूर्ण झाले असं सांगितलं गेलं, तर कर्नल थेट बग_ऑनवर, म्हणजे अशक्य स्थिती दिसताच थांबवणाऱ्या तपासणीवर, आपटतो. ते एका अर्थी बरं, कारण लपून राहत नाही.

लॉगमधल्या ओळी मोजून 'आता प्रमाण कमी झालं' असं कधीही ठरवू नका. बरीच वर्षं हा इशारा वॉर्न_वन्सने छापला जात असे, म्हणजे बूट झाल्यावर पहिल्या वेळेला दिसायचा आणि नंतर गप्प. अशा कर्नलवर टाइमआउट शंभर वेळा आला तरी ओळ एकच. खरा आकडा सिसएफएसमध्ये प्रत्येक टीएक्स क्यूच्या फोल्डरात टीएक्स_टाइमआउट नावाच्या फाइलीत असतो. पॅचच्या आधीचा आणि नंतरचा हाच आकडा मागा.

अडकलेल्या क्षणी रिंग कशी होती

पॅच वाचण्याआधी पुरावा मागायचा. बहुतेक ड्रायव्हर टाइमआउट आला की सगळं रीसेट करून मोकळे होतात आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून रीसेटच्या आधी तीन आकडे छापून घ्यायला सांगा: सॉफ्टवेअरने रिंग कुठपर्यंत भरली, सॉफ्टवेअरने कुठपर्यंत सोडवली (काम झालेल्या जागा परत मोकळ्या केल्या), आणि हार्डवेअर कुठपर्यंत पोचलं. डोअरबेलचं, म्हणजे कार्डाला 'नवं काम आलं' असं कळवणारं, रजिस्टर वाचता येत असेल तर तेही.

हार्डवेअर मागे राहिलेलं दिसलं, म्हणजे भरलेले डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या नोंदी) त्याने उचललेच नाहीत, तर डोअरबेल वाजली नाही, किंवा समोरचं उपकरण सतत पॉज फ्रेम ('थोडं थांब' असं सांगणारी) पाठवतंय, किंवा कार्ड खरोखरच अडकलंय. पॉज फ्रेमचे आकडे एथटूल या आज्ञेच्या आकडेवारीत दिसतात. ते धडाधड वाढत असतील तर ड्रायव्हरमध्ये खोट शोधण्यात वेळ जाईल. हार्डवेअर पुढे गेलंय पण सॉफ्टवेअरने सोडवलं नाही, असं असेल तर इंटरप्ट (कार्डाने सीपीयूला दिलेली हाक) हरवला आहे: नॅपी पोल (पूर्ण झालेलं काम सोडवणारा कर्नलचा फेरा) संपवताना काम संपलं असं मानलं आणि इंटरप्ट परत चालू केला, त्या दोहोंच्या फटीत एखादं पॅकेट पूर्ण झालं. कार्ड अशा राहून गेलेल्या कामासाठी पुन्हा इंटरप्ट देत नसेल, तर इंटरप्ट चालू केल्यावर एकदा परत डोकावून पाहावंच लागतं.

तिसरी स्थिती सगळ्यात बोलकी. तिन्ही आकडे सारखे. भरलेलं सगळं गेलं, गेलेलं सगळं सोडवलं, रिंग रिकामी, आणि तरीही क्यू थांबलेली. इथे हार्डवेअर निर्दोष आहे. क्यू जागी करायची वेळ आली आणि निघून गेली. परत परत उघडल्या जाणाऱ्या तक्रारींमध्ये मला हीच स्थिती सर्वाधिक दिसते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

फट कुठे आहे

ड्रायव्हरचा गाभा असा असतो. पाठवणारी बाजू:

    डिस्क्रिप्टर भर
    भरण्याचा निर्देशांक पुढे ने
    डोअरबेल वाजव
    जर (मोकळ्या_जागा < १८)
        क्यू थांबव

आणि सोडवणारी बाजू, नॅपी पोलमध्ये:

    पूर्ण झालेले डिस्क्रिप्टर सोडव
    सोडवण्याचा निर्देशांक पुढे ने
    जर (क्यू थांबलेली आहे आणि मोकळ्या_जागा >= ३६)
        क्यू जागी कर

१८ हा आकडा असा आला: पॅकेटच्या मुख्य भागासाठी एक डिस्क्रिप्टर आणि तुकड्यांसाठी जास्तीत जास्त १७. मेमरीचं पान ४ केबीचं असताना तुकड्यांची कर्नलमधली नेहमीची कमाल मर्यादा १७ आहे.

आता रिंग २५६ची घ्या. भरलेली आणि रिकामी यांत घोटाळा होऊ नये म्हणून एक जागा मोकळी ठेवली, तर वापरायला २५५. सीपीयू ० पाठवतोय. त्याने पॅकेट भरलं, डोअरबेल वाजवली आणि मोकळ्या जागा मोजल्या: ११. अकरा अठरापेक्षा कमी, म्हणजे क्यू थांबवायची हे ठरलं. पण थांबवण्याची ओळ चालण्याआधीच त्याला दुसरा एखादा इंटरप्ट आला. पाठवण्याच्या वाटेवर सॉफ्टइंटरप्ट (कर्नलने पुढे ढकललेली कामं) बंद असतात, हार्डवेअरचे इंटरप्ट नसतात. व्हर्च्युअल मशीन असेल तर हायपरव्हायझरनेच त्याच्याकडून खरा सीपीयू काढून घेतला असं समजा. तेवढ्या वेळात कार्डाने उरलेली २४४ डिस्क्रिप्टर संपवली. सीपीयू १वर नॅपी पोल चालला, त्याने सगळी सोडवली, निर्देशांक पुढे नेला आणि पाहिलं: क्यू थांबलेली आहे का? नाही. मग जागं कोणाला करायचं? तो निघून गेला. आता सीपीयू ० परत आला आणि जुन्या निर्णयाप्रमाणे क्यू थांबवून बसला. रिंग रिकामी आहे, पाठवायला काही नाही, म्हणून पूर्ण होणारं काही नाही, म्हणून इंटरप्ट नाही, म्हणून जागं करणारा नाही. पुढची हालचाल थेट वॉचडॉगची.

या वर्णनातली एक बारीक गोष्ट पुष्कळ जण सोडून देतात: डोअरबेल थांबवण्याच्या आधी वाजली आहे. तीच डोअरबेल क्यू थांबवण्याच्या तपासणीनंतर वाजत असती, तर नुकतं भरलेलं पॅकेट नंतर पूर्ण झालं असतं, त्याचा इंटरप्ट आला असता, आणि तोवर क्यू थांबलेली दिसल्यामुळे ती जागी झाली असती. म्हणजे तीच फट एका ड्रायव्हरमध्ये निरुपद्रवी आणि दुसऱ्यात जीवघेणी असू शकते. 'अमुक ड्रायव्हरमध्येही असंच लिहिलंय, तिथे काही होत नाही' हा युक्तिवाद पॅचच्या चर्चेत हमखास येतो. त्यावर पहिला प्रश्न: तिथे डोअरबेल कुठे आहे? आणि पाठवण्याच्या फंक्शनच्या सुरुवातीलाच जागा नाही म्हणून क्यू थांबवून परतण्याची वाट असेल, तर त्या वाटेवर नवं पॅकेट भरलेलंच नसतं, त्यामुळे डोअरबेलचा हा आधार तिथे मिळत नाही.

येणारे पॅच

मुदत ५ सेकंदांवरून ३० करणारा पॅच येतो. तो परत पाठवा. दोष तसाच राहतो, फक्त खोळंब्यातून सुटायला जास्त वेळ लागतो.

टाइमआउटच्या हँडलरमध्ये रीसेट न करता नुसती क्यू जागी करणारा पॅचही येतो. वापरणाऱ्याला त्यातून थोडा आराम मिळतो हे खरं, कारण रीसेटमध्ये लिंक पडते आणि जागं करण्यात पडत नाही. पण दहा सेकंदांची मुकी शांतता तशीच राहते. वर धोका असा, की कार्ड खरोखर अडकलं असेल त्या वेळीही हा हँडलर त्याला काहीच करणार नाही.

सगळ्यात फसवा पॅच बरोबर उत्तराच्या अगदी जवळचा असतो. क्यू थांबवल्यानंतर जागा पुन्हा मोजायची, आता जागा असेल तर क्यू परत सुरू करायची. वर सांगितलेली फट त्याने बुजल्यासारखी वाटते. चाचणी चालते, तक्रार बंद होते. आणि हीच तक्रार पुढे परत उघडते, कारण फट अरुंद झाली, बंद झाली नाही.

इथे दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट घडते: आपलं लिहायचं आणि मग दुसऱ्याचं वाचायचं. पाठवणारा 'थांबलेली' हा बिट लिहितो आणि सोडवण्याचा निर्देशांक वाचतो. सोडवणारा निर्देशांक लिहितो आणि बिट वाचतो. सीपीयू लिहिलेलं लगेच सगळ्यांना दाखवतोच असं नाही. ते त्याच्या स्टोअर बफरमध्ये थांबतं आणि पुढचं वाचन आधी उरकलं जाऊ शकतं. दोघांचंही लिखाण बफरमध्ये असताना दोघांनीही वाचलं, तर पाठवणाऱ्याला जुना निर्देशांक दिसतो आणि सोडवणाऱ्याला क्यू चालू दिसते. पुनर्तपासणी झाली, तरी दोघेही चुकले.

'आमचं लक्ष्य एक्स८६ (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) आहे, तिथे क्रम बदलत नाही' असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. एक्स८६ बाकीचे क्रम सांभाळतो, पण आधीचं लिखाण आणि नंतरचं वेगळ्या जागेचं वाचन, नेमका हाच क्रम तोही बदलू देतो. क्यू थांबवणारं फंक्शन आत सेट_बिट वापरतं. एक्स८६वर ते लॉक लावलेल्या सूचनेने होतं, म्हणून पाठवणाऱ्या बाजूला बॅरिअर (लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखणारी सूचना) आयता मिळतो. सोडवणाऱ्या बाजूचा निर्देशांक मात्र साध्या लिखाणाने पुढे जातो, तिथे काही आयतं मिळत नाही. एआरएम६४वर सेट_बिटसुद्धा क्रमाची हमी देत नाही, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या. एका मशीनवर वर्षातून एकदा आणि दुसऱ्यावर रोज, असा फरक दिसला तर आधी इथे पाहा.

यात आणखी एक गुंता आहे. नॅपी पोलमध्ये ड्रायव्हर बीक्यूएलला 'एवढे बाइट पूर्ण झाले' असं सांगतो, त्या फंक्शनच्या आत पूर्ण मेमरी बॅरिअर असतो. ती ओळ निर्देशांक पुढे नेल्यानंतर आणि क्यूचा बिट तपासण्याआधी येत असेल, तर ड्रायव्हर त्या बॅरिअरवर नकळत तरून जातो. कर्नल बीक्यूएलशिवाय बांधला, किंवा कोणी कोड नीटनेटका करताना ती ओळ वर-खाली हलवली, की बॅरिअर गेला. काहीच न बदलणाऱ्या साफसफाईच्या पॅचनंतर टाइमआउट सुरू झाल्याची तक्रार आली तर गिट लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या इतिहासात, हीच हालचाल शोधा.

दोन्ही बाजूंना स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावणारा पॅच येतो तेव्हा मत लगेच देऊ नका. तो बरोबर असतो. १०० मेगाबिटच्या छोट्या उपकरणाला त्याची किंमत जाणवणारही नाही, आणि ज्या माणसाला उद्या हा कोड सांभाळायचा आहे त्याला लॉक बॅरिअरपेक्षा लवकर समजतं. अशा ठिकाणी मी तो घेते. फक्त लॉक कोणत्या संदर्भात घेतला जातोय ते पाहा. सोडवण्याचं काम नॅपीत होत असेल तर सॉफ्टइंटरप्टपुरती काळजी पुरे, थेट इंटरप्ट हँडलरमध्ये होत असेल तर इंटरप्ट बंद करूनच लॉक घ्यावा लागेल. अनेक क्यूंच्या वेगवान कार्डात मात्र दर पॅकेटला लॉक नको.

बरोबर दुरुस्ती कशी दिसते

पाठवणारी बाजू: क्यू थांबव, पूर्ण बॅरिअर, जागा पुन्हा मोज, पुरेशी असेल तर क्यू सुरू कर. सोडवणारी बाजू: निर्देशांक पुढे ने, पूर्ण बॅरिअर, मग क्यूचा बिट पाहा. बॅरिअर जोडीनेच काम करतात. पॅचमध्ये एकाच बाजूला बॅरिअर आला असेल तर दुसरी बाजू कुठे आहे ते विचारा. 'तिथे आधीपासून आहे' हे उत्तर चालेल, पण कोणत्या ओळीत ते दाखवून द्यायला हवं. प्रत्येक बॅरिअरवर तो कोणाशी जोडीने आहे हे सांगणारी टिप्पणी हवी. चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्टही टिप्पणी नसलेल्या बॅरिअरवर इशारा देतो, आणि त्या इशाऱ्यापुरती 'मेमरी बॅरिअर' एवढीच टिप्पणी लिहिणारे पॅच मी परत पाठवते.

रीड बॅरिअर किंवा राइट बॅरिअर इथे चालत नाही. लिखाण आणि त्यानंतरचं वाचन यांचा क्रम फक्त पूर्ण बॅरिअर राखतो. डिस्क्रिप्टर भरून कार्डाच्या हवाली करताना लागणारा डीएमए (कार्डाने मेमरी थेट वापरणं) राइट बॅरिअर ही वेगळी बाब आहे. तो कार्ड आणि सीपीयू यांच्यामधला, हा दोन सीपीयूंमधला. एक पाहून दुसरा आहे असं समजणं फार सोपं जातं.

हे सगळं हाताने लिहिण्याची गरज आता उरलेली नाही. हाच कोड ड्रायव्हरागणिक थोडा वेगळा, थोडा चुकीचा नकलला जात होता, म्हणून २०२३मध्ये आलेल्या कर्नल ६.४पासून नेटडेव्ह_क्यूज या हेडर फाइलीत तयार मॅक्रो मिळतात: पाठवणाऱ्या बाजूला नेटिफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप आणि सोडवणाऱ्या बाजूला नेटिफ_टीएक्सक्यू_कम्प्लीटेड_वेक. बीक्यूएल बंद असताना वेगळा बॅरिअर लागतो, हेही दुसरा मॅक्रो पाहून घेतो. नव्या पॅचमध्ये हाताने लिहिलेली जोडी आली तर हे मॅक्रो का नाहीत, हे विचारा.

उंबरठ्यांकडेही बघा. थांबवण्याचा आणि जागं करण्याचा आकडा सारखाच ठेवला तर क्यू सारखी थांबते आणि उठते, म्हणून जागं करण्याचा आकडा मोठा ठेवतात. पण तो ठाम आकडा असेल आणि रिंगचा आकार बदलता येत असेल, तर नवं संकट उभं राहतं. समजा जागं करण्यासाठी ६४ जागा मोकळ्या हव्यात असं लिहिलंय. कोणी एथटूलने रिंग ६४ची केली. एक जागा राखीव, म्हणजे पूर्ण रिकाम्या रिंगमध्येही मोकळ्या जागा ६३. एकदा थांबलेली क्यू आता कधीच उठणार नाही, बॅरिअर कितीही लावा. आकडेही तेच दिसतील: तिन्ही निर्देशांक सारखे, क्यू थांबलेली. त्यामुळे तक्रारीसोबत रिंगचा चालू आकार मागणं आवश्यक आहे.

त्याच फंक्शनच्या आसपास

पॅच पाठवण्याच्या फंक्शनला हात लावतोय, तर ते फंक्शन पूर्ण वाचा. नुसता डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचणं पुरत नाही.

बॅच करून पाठवताना कर्नल ड्रायव्हरला सांगतो की अजून पॅकेट येतंय, आणि ड्रायव्हर डोअरबेल पुढे ढकलतो. मग शेवटचं पॅकेट आलं, त्याचं डीएमए मॅपिंग अपयशी ठरलं, ड्रायव्हरने ते टाकून दिलं आणि तिथूनच परतला. आधीच्या पॅकेटांची राहिलेली डोअरबेल कोण वाजवणार? कोणीच नाही. रिंगच्या आकड्यांत हार्डवेअर मागे राहिलेलं दिसतं आणि दोष कार्डावर ढकलला जातो. फंक्शनमधल्या प्रत्येक रिटर्नपाशी थांबा आणि 'इथून परतताना डोअरबेल बाकी आहे का' हे पाहा. क्यू थांबवली तेव्हाही, पुढचं पॅकेट येणार असं कर्नलने सांगितलेलं असलं तरी, डोअरबेल वाजायला हवी.

'बिझी' परत करणाऱ्या वाटेवर पॅकेट मुक्त केलेलं नसावं. बिझी म्हणजे पॅकेट अजून कर्नलचंच, तो ते परत पाठवणार. तिथे मुक्त केलं तर मेलेल्या मेमरीला हात लागतो.

आणि रीसेट. टाइमआउटचा हँडलर टायमरच्या संदर्भात चालतो, तिथे झोपता येत नाही, म्हणून खरं काम वर्कक्यूकडे (नंतर चालणाऱ्या कामांच्या रांगेकडे) सोपवतात. ते काम आरटीएनएल लॉक (नेटवर्क इंटरफेसच्या बदलांसाठीचं कर्नलभरचं कुलूप) घेतं. इंटरफेस बंद करण्याचं फंक्शन मात्र आरटीएनएल लॉक धरूनच बोलावलं जातं. त्यात कोणी 'ते काम संपेपर्यंत थांब' असं लिहिलं, की हा त्याची वाट पाहतो आणि तो याच्या लॉकची. हा डेडलॉक टाइमआउटच्या दुरुस्त्यांमधूनच जन्माला येतो. लॉकडेप (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारी सोय) चालू असलेल्या कर्नलवर टाइमआउटच्या वेळीच इंटरफेस बंद-चालू करून पाहिल्याशिवाय रीसेटला हात लावणारा पॅच घेऊ नका.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

रात्रभर टाइमआउट आला नाही, यातून फार काही सिद्ध होत नाही. विशेषतः बीक्यूएल चालू असताना, कारण तो बाइट मोजून आधीच लगाम घालतो आणि मोठ्या पॅकेटांच्या ट्रॅफिकमध्ये रिंग भरतच नाही. मोठ्या फाइली कॉपी करून केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही. छोटी पॅकेटं हवीत. पीकेटीजेन हा कर्नलमधला पॅकेट तयार करणारा भाग क्यूइंगचा थर वगळून थेट ड्रायव्हरला पॅकेटं देतो, त्यामुळे रिंग खरोखर भरते.

रिंग ६४ची करा. इंटरप्ट एका सीपीयूवर बांधा, पाठवणारा दुसऱ्यावर. इंटरप्ट एकत्र करण्याची वेळ शून्यावर आणा. आणि चाचणीच्या बिल्डमध्ये जागा मोजणे आणि क्यू थांबवणे यांच्या मधोमध ५० मायक्रोसेकंदांचा यूडिले (मुद्दाम थांबवणारी ओळ) घाला. फट मुद्दाम रुंद केली की जुना कोड लवकर अडकतो. तो अडकलाच पाहिजे. अडकला नाही तर आपण वेगळ्याच दोषाचा पाठलाग करतोय. मग तोच यूडिले ठेवून नवा कोड चालवा आणि सिसएफएसमधला आकडा शून्यावर राहतो का ते पाहा. पॅच लिहिणाऱ्याकडून मी याच दोन निकालांची मागणी करते, कारण रुंद केलेल्या फटीत टिकलेला कोड अरुंद फटीत टिकेल असं मानायला आधार मिळतो. बॅरिअरचा भाग मात्र यूडिलेने तपासता येत नाही, कारण स्टोअर बफर तेवढ्या वेळात कधीच रिकामा झालेला असतो. तो भाग वाचूनच पटवून घ्यावा लागतो. केसीसॅन हे कर्नलचं तपासणी-साधन लॉक न घेता दोन बाजूंनी हाताळले जाणारे निर्देशांक दाखवून देतं, आणि तिथे रीड_वन्स, राइट_वन्स (वाचन किंवा लिखाण एकदाच आणि अखंड करवणारे मॅक्रो) आहेत का हे पाहता येतं.

उलट एक इशारा: लॉग छापण्याच्या ओळी घातल्या आणि दोष नाहीसा झाला, तर त्याला सुधारणा समजू नका. छापण्याने वेळा बदलल्या, फट आहे तिथेच आहे.

कमिट मेसेज आणि जुने कर्नल

कोणत्या कमिटमधला दोष दुरुस्त केला हे सांगणाऱ्या 'फिक्सेस' या ओळीत पुष्कळदा मागच्या फसलेल्या दुरुस्तीचा हॅश (कमिटची ओळखखूण) लिहिला जातो, कारण ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये तीच वर दिसते. फट ड्रायव्हरच्या पहिल्या कमिटपासून असेल, तर हॅशची पहिली १२ अक्षरं त्या पहिल्या कमिटची हवीत. स्टेबल शाखा (जुन्या कर्नलांच्या दुरुस्त होत राहणाऱ्या आवृत्त्या) सांभाळणारे हीच ओळ पाहून पॅच कुठवर न्यायचा ते ठरवतात. ती चुकली तर मधल्या शाखांमध्ये दोष तसाच राहतो आणि जुनं कर्नल वापरणाऱ्याकडून तीच तक्रार पुन्हा येते.

६.४च्या आधीच्या कर्नलात नेताना ते मॅक्रो तिथे नसतात, म्हणून बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या कर्नलसाठीचं पॅचचं रूप, हाताने लिहिला जातो. अशा बॅकपोर्टमध्ये पाठवणारी बाजू सहसा नीट उतरते, कारण बदल तिथे डोळ्यांत भरतो. सोडवणाऱ्या बाजूची एकुलती बॅरिअरची ओळ गळते, विशेषतः जुन्या शाखेत ते फंक्शन वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या फाइलीत असेल तेव्हा. बॅकपोर्ट तपासताना मूळ पॅच बाजूला ठेवा, त्या शाखेतलं नॅपी पोल उघडा आणि निर्देशांकाचं लिखाण ते बिटचं वाचन यांच्या मध्ये पूर्ण बॅरिअर आहे का ते स्वतः पाहा. नसेल तर पॅच परत पाठवा, आणि पुढच्या आवृत्तीत दोन्ही बाजू एकाच कमिटमध्ये मागा, म्हणजे अर्धी दुरुस्ती एकटी कुठे जाणार नाही.